बर्फावरचा गोलरक्षक घडतो कसा?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात कोल्हापूर शहरातील एका शाळेच्या पारितोषिक वितरण समारंभात रोलर हॉकी, म्हणजे चाकांच्या स्केट्सवर खेळायची हॉकी, संघाच्या १३ वर्षांच्या गोलरक्षक मुलीला प्रमुख पाहुण्यांनी व्यासपीठावरच विचारले, ‘पुढे काय करायचे ठरवले आहेस?’ तिने न अडखळता उत्तर दिले, ‘मला बर्फावर गोलकीपिंग करायचे आहे.’ पाहुणे हसले, सभागृहही हसले, आणि ‘बाळ, आपल्याकडे बर्फ पडतो का? आपल्या मातीतला एखादा खेळ निवड,’ असा सल्ला देऊन त्यांनी तिच्या हातात चषक ठेवला. पाहुण्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी जाणतो. परंतु त्या मुलीला मी गेली ४ वर्षे रोज पहाटे सरावाला येताना पाहतो आहे आणि त्या समारंभानंतर दोन आठवडे तिने पायाला पॅड बांधले नाहीत, म्हणून त्या वाक्याला जाहीर उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते. मी ३० वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि त्याआधी पेठेतल्या एका फुटबॉल संघाचा गोलरक्षक होतो. त्यामुळे पत्र थोडे लांबले तर आपण सांभाळून घ्याल, अशी आशा आहे.

बर्फावरचे गोलरक्षक ओलाफ कोल्झिग यांचे नाव आपल्याकडे फार थोड्यांच्या कानावर गेले असेल. त्यांचा जन्म ६ एप्रिल १९७० रोजी दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे एका जर्मन कुटुंबात झाला. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही आइस हॉकीची जगातील सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. तिच्यात खेळलेला आफ्रिकेत जन्मलेला पहिला खेळाडू म्हणून त्यांची नोंद आहे. वॉशिंग्टन कॅपिटल्स या एकाच संघासाठी ते ७११ सामने खेळले, १९९८ साली त्या संघाला त्यांनी पहिल्यांदा स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत नेले आणि २००० साली स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाला मिळणारा वेझिना करंडक पटकावला. ज्या देशाचे नाव घेतले की आपल्याला क्रिकेट आणि रग्बी आठवते, त्या देशात जन्मलेल्या माणसाची ही कारकीर्द आहे.

यावर कोणी असे म्हणेल की कोल्झिग जन्माने आफ्रिकेचे असले तरी लहानपणीच त्यांचे कुटुंब फिरत फिरत कॅनडात गेले आणि खेळ ते तिथल्या थंडीत शिकले. मग उष्ण देशाचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव कसे घ्यायचे? हा आक्षेप खरा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण कॅनडाने त्या मुलाला नेमके काय दिले, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो. नुसती थंडी तर लडाखमध्येही आहे, आणि ती कॅनडापेक्षा कमी नाही. कॅनडाने त्याला दिली ती वस्तीजवळची रिंक, म्हणजे बर्फाचे बंदिस्त मैदान, वयोगटानुसार होणारे सामने, वीस वर्षांपर्यंतच्या मुलांची सुव्यवस्थित लीग आणि, गोलरक्षकासाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, वाट पाहण्याची सोय.

या वाट पाहण्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण गोलरक्षकाची कारकीर्द इतर खेळाडूंसारखी नसते, हे पालकांना आणि पुष्कळदा आयोजकांनाही ठाऊक नसते. १९८९ साली कॅपिटल्सने कोल्झिग यांची पहिल्याच फेरीत, एकूण १९व्या क्रमांकावर निवड केली. त्याच हिवाळ्यात कनिष्ठ लीगमध्ये खेळताना त्यांनी पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी रबराची चकती, प्रतिस्पर्ध्याच्या जाळ्यात धाडला आणि त्या लीगच्या इतिहासात गोल करणारे ते पहिले गोलरक्षक ठरले. एवढ्या बोलबाल्यानंतर पहिल्या मोसमात त्यांना मुख्य संघाकडून अवघे दोन सामने मिळाले आणि पुढची दोन वर्षे एकही मिळाला नाही. बाल्टिमोर, रॉचेस्टर, पोर्टलँड अशा दुय्यम संघांकडून ते वर्षानुवर्षे खेळत राहिले. १९९४ साली पोर्टलँडने दुय्यम लीगचा काल्डर कप जिंकला तेव्हा अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले. तरीही मुख्य संघात त्यांचे स्थान राखीव गोलरक्षकाचेच राहिले. १९९७-९८च्या मोसमातील पहिल्याच सामन्यात मुख्य गोलरक्षक बिल रॅनफर्ड जखमी झाले, कोल्झिग आत गेले आणि मग बाहेर आलेच नाहीत. निवड झाली तेव्हा ते १९ वर्षांचे होते, जागा पक्की झाली तेव्हा २७ वर्षांचे. मधली आठ वर्षे त्यांना कोणी ‘आता दुसरे काहीतरी बघ’ असे म्हणून घरी पाठवले नाही. त्यांना पगार होता, प्रशिक्षक होता, आठवड्यातून दोन-तीन सामने होते.

संपादक महोदय, मी स्वतः तीन मोसम राखीव गोलरक्षक म्हणून बाकावर बसलो आहे. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की प्रेक्षागृह ओसंडून वाहत असते, हलगी वाजत असते, आणि त्या सगळ्या गदारोळात हातमोजे घालून बसलेल्या दुसऱ्या गोलरक्षकाकडे कोणाचेही लक्ष नसते. आघाडीचा खेळाडू थकला की बदलतात, मधल्या फळीतला चुकला की बदलतात; गोलरक्षक बदलायचा म्हणजे तो जखमी व्हावा लागतो किंवा त्याची नामुष्की व्हावी लागते. म्हणजे आपल्याला संधी मिळावी अशी इच्छा धरायची, तर आपल्याच सोबत्याचे वाईट चिंतावे लागते. ही अवघड जागा विशीतल्या मुलाने एकट्याने सांभाळायची असते. आपल्या शहरातले किती चांगले गोलरक्षक याच वयात हातमोजे खुंटीला टांगून नोकरीला लागले, याची यादी मी करू शकतो, परंतु त्यांची नावे इथे देणे योग्य नाही. ते खेळात कमी पडले असे मला कधीही वाटले नाही. त्या आठ वर्षांसारखी वर्षे त्यांना कोणी दिली नाहीत.

बर्फावरच्या गोलरक्षकाला हा संयम अधिकच लागतो, कारण त्याचे कामच विलक्षण आहे. फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. आइस हॉकीचा अवघा ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. ऐकायला सोपे वाटते. परंतु समोरून येतो तो ३ इंच व्यासाचा, १ इंच जाडीचा आणि सुमारे १७० ग्रॅम वजनाचा कडक रबराचा पक, आणि त्याचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जातो. साधारण ६० फुटांवरून मारलेला असा फटका अर्ध्या सेकंदाच्या आत गोलापाशी येतो, तोही बहुधा मध्ये उभ्या असलेल्या चार-पाच खेळाडूंच्या पायांतून. अंगावर २० किलोंच्या आसपास साहित्य, एका हातात पकडण्याचा मोजा, दुसऱ्या हातात ब्लॉकर, म्हणजे पक अडवण्याचा सपाट मोजा, आणि काठी, आणि पायांखाली पोलादी पाते. १९५९ साली मॉन्ट्रियलच्या जॅक प्लांट यांच्या चेहऱ्यावर पक बसून टाके पडले आणि त्यांनी मुखवटा घातल्याशिवाय परत उतरण्यास नकार दिला, तोवर एनएचएलमधले जवळजवळ सगळे गोलरक्षक मुखवट्याविनाच सामने खेळत होते, हे वाचले की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

यातली काही कौशल्ये कोणत्याही मैदानावर कमावता येतात. गोल सोडून दोन पावले पुढे येऊन समोरच्याचा अँगल कमी करणे, मारणाऱ्याच्या खांद्यावरून आणि मनगटावरून फटक्याची दिशा ओळखणे, सुटलेला चेंडू बाजूला ढकलणे, आणि गोल खाल्ल्यानंतर पुढच्या फटक्यापूर्वी मन कोरे करणे, हे आमच्या मुली सिमेंटच्या पटांगणावर उत्तम शिकतात. परंतु बर्फावरचा आजचा गोलरक्षक दोन्ही गुडघे बर्फाला टेकून, पॅड जमिनीलगत पसरून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत घसरत जातो, आणि ही घसरण चाकांवर आणि सिमेंटवर शिकता येत नाही. तिथे पॅड जागीच अडकते. पात्याच्या कडेवर तोल धरण्याची सवय १२-१४ वर्षांच्या वयात लागली तर लागते, विशीनंतर ती फार कष्टाने येते. म्हणून वर्षातून निदान काही आठवडे तरी खरा बर्फ या मुलींच्या पायांखाली यायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

आता ‘आपल्याकडे बर्फ पडतो का’ या प्रश्नाकडे वळतो. एनएचएलचे नेहमीचे सामने आज छताखाली, यंत्राने गोठवलेल्या बर्फावर होतात. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचे जाळे पुरलेले असते, त्यातून अतिथंड केलेले खारे पाणी किंवा ग्लायकॉल फिरवतात, आणि लादीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवून जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा बर्फ तयार करतात. त्याचे तापमान उणे ५ अंशांच्या आसपास राखले जाते. थंड करण्याचे काम पुष्कळ ठिकाणी अमोनियावर चालणारे कॉम्प्रेसर करतात. दूध संघांची शीतकरण केंद्रे आणि बर्फाचे कारखाने ज्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, त्या कोल्हापूर जिल्ह्याला अमोनियाचा प्रकल्प कसा चालवायचा आणि त्याची सुरक्षितता कशी सांभाळायची, हे बाहेरून कोणी येऊन शिकवण्याची गरज नाही. अडचणी आहेत आणि त्या मी लपवणार नाही. विजेचा खर्च मोठा असतो. शिवाय आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बर्फावर धुके साचते, त्यामुळे हवा कोरडी करणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. मात्र कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी उष्णता पाणी तापवण्यासाठी वापरता येते आणि परदेशात अनेक रिंकांच्या शेजारचे जलतरण तलाव त्यावर चालतात. वीरधवल खाडे यांच्यासारखा ऑलिंपिक जलतरणपटू देणाऱ्या शहराने हा हिशेब निदान एकदा मांडून पाहावा.

उष्ण प्रदेशांनी हा हिशेब कधीच मांडला आहे. फिलिपिन्समध्ये बर्फ पडत नाही. तिथल्या रिंका खरेदी-संकुलांत आहेत, आणि अशाच रिंकवर शिकलेला मायकल मार्टिनेझ २०१४च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगला उतरला. २०१७ साली आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत आइस हॉकीचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा सुवर्णपदक त्याच देशाने जिंकले. सिडनीत वाढलेला नेथन वॉकर १३व्या वर्षी घर सोडून चेक प्रजासत्ताकात गेला, २०१७ साली एनएचएलमध्ये खेळणारा पहिला ऑस्ट्रेलियन ठरला आणि २०१८ साली कॅपिटल्सने पहिल्यांदा स्टॅन्ली कप जिंकला त्या संघात होता. त्या वेळी कॅपिटल्सच्या प्रशिक्षक-वर्गात कोण होते? ओलाफ कोल्झिग. खेळाडू म्हणून जो करंडक त्यांच्या हातून १९९८ साली डेट्रॉइटकडून चारही सामने हरल्यामुळे निसटला होता, तो वीस वर्षांनी नव्या मुलांना घडवताना त्यांना मिळाला. २००८ साली ऐन मोसमात दुसऱ्या गोलरक्षकाला आणून त्यांना बाजूला बसवले गेले होते आणि शेवटचा मोसम ते फ्लोरिडातल्या टॅम्पा संघाकडून खेळले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या परतण्याचे मोल अधिक जाणवते. त्यांच्या मुलाला स्वमग्नता आहे. अशा मुलांसाठी आपल्या सहकारी खेळाडूंबरोबर उभ्या केलेल्या कामामुळे २००६ साली त्यांना एनएचएलचा किंग क्लॅन्सी पुरस्कारही मिळाला. हे या पत्राच्या विषयाशी थेट जोडलेले नसले तरी सांगावेसे वाटले.

आपल्याच देशात पाहावे तर भारतीय आइस हॉकी संघटना १९८९पासून जागतिक महासंघाची सदस्य आहे. कोल्झिग यांची निवड झाली तेच हे वर्ष. लडाखमध्ये मुले गोठलेल्या तळ्यांवर खेळत आली, आणि नैसर्गिक बर्फ तिथेही वर्षातून जेमतेम दोन महिनेच टिकतो. महिलांचा भारतीय संघ २०१६ साली तैपेईत पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, २०१७ साली बँकॉकमध्ये त्याने पहिला विजय मिळवला आणि २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन या वाळवंटी शहरात आशिया चषकाचे कांस्यपदक जिंकले. या संघाची गोलरक्षक राहिलेली लेहची नूरजहाँ हिचा चरितार्थाचा व्यवसाय जुनी चित्रे आणि वस्त्रे यांच्या जतनाचा आहे. एकीकडे शतकांपूर्वीच्या थांग्का चित्रावरचा रंगाचा कण न दुखवता काम करायचे आणि हिवाळ्यात पॅड बांधून गोलात उभे राहायचे. आठ वर्षे वाट पाहताना कोल्झिग यांना पगार होता. नूरजहाँसारख्या खेळाडूंनी ती वाट स्वतःच्या कमाईवर काढली आहे. हा फरक आपण नीट पाहिला पाहिजे.

‘आपल्या मातीतला खेळ’ या शब्दांविषयीही लिहिणे भाग आहे, कारण ते कोल्हापुरात उच्चारले गेले. खाशाबा जाधव लाल मातीत घडले आणि १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना सर्वस्वी नवी होती. तिथे सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, आणि १९५२ साली स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घडले. मॅट ही काही पंचगंगेच्या काठची माती नव्हती. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांची नेमबाजी तरी आपल्या कोणत्या मातीतून उगवली होती? स्वप्नीलला रायफल हाती धरल्यापासून पॅरिसच्या २०२४मधील कांस्यपदकापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी व पुढे रेल्वेची नोकरी त्याच्या पाठीशी होती. वाट पाहण्याची सोय म्हणतो ती हीच.

माझे मागणे मोठे नाही. कोल्हापुरात उद्याच पूर्ण आकाराची बर्फाची रिंक व्हावी असे मी म्हणत नाही. देहरादूनची रिंक २०११ साली मोठ्या खर्चाने उभी राहिली, नंतर बराच काळ बंद पडून होती आणि २०२५ साली पुन्हा सुरू झाली, हा अनुभव डोळ्यांपुढे आहे. जी चालवता येईल तीच वास्तू बांधावी. परंतु चाकांवरच्या हॉकीसाठी कडेला फळ्या असलेले, छत असलेले आणि गुळगुळीत तळाचे एक पटांगण या शहरात निश्चित होऊ शकते. गोलरक्षकाचे साहित्य इतर खेळाडूंच्या मानाने फार महाग असते आणि वाढत्या वयात ते दर दोन वर्षांनी अपुरे पडते, त्यामुळे सामान्य घरातले पालक मुलीला गोलात उभे करायला कचरतात; हे साहित्य मुलींच्या नव्हे, संस्थेच्या मालकीचे असावे, जसे तालमीत गदा आणि जोर-जोडीचे साहित्य तालमीचे असते. दर हिवाळ्यात निवडक मुलामुलींना तीन-चार आठवडे लेह किंवा देहरादूनला नेण्यासाठी एखाद्या सहकारी संस्थेने प्रवासखर्च उचलावा. आणि राज्याच्या संघात दोन गोलरक्षक घेतले जातात तेव्हा दुसऱ्यालाही ठरावीक सामने खेळायला मिळतील असा नियम वयोगटाच्या स्पर्धांत करावा. हा शेवटचा मुद्दा मी फुटबॉलसाठीही गेली अनेक वर्षे मांडत आलो आहे.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. उष्ण प्रदेशातला कोणी बर्फावर खेळला की त्याची बातमी बहुतेक वृत्तपत्रांत नवलाई म्हणून छापली जाते, छायाचित्र मोठे असते आणि खाली चार ओळी असतात. त्याने कोठे सराव केला, साहित्य कोठून आणले, किती वर्षे दुसऱ्या क्रमांकावर काढली, त्या काळात घर कसे चालले, हे लिहिले गेले तर इथल्या आईवडिलांना त्याचा उपयोग होईल.

पत्राच्या सुरुवातीला जिचा उल्लेख केला ती मुलगी गेल्या सोमवारपासून पुन्हा सरावाला येऊ लागली आहे. तिच्या डाव्या पॅडचा पट्टा तुटला होता, तो तिच्या वडिलांनी चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून चामडे लावून घेतला आणि तो आता पहिल्यापेक्षा पक्का बसतो. आपण आपल्या क्रीडा प्रतिनिधीला एखाद्या रविवारी तिचा सराव पाहायला पाठवावे. मात्र त्यांनी सकाळी ६च्या सुमारास यावे, कारण ७ वाजता ते पटांगण गाड्या लावण्यासाठी आम्हाला मोकळे करून द्यावे लागते.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर